सत्तेचाळीस चिठ्ठ्या

पिंपळदरा, जि. यवतमाळ
३ नोव्हेंबर

चि. दीपास अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन घेत नाहीस. मोबाईलवर संदेश पाठवला तर पुढे एकच टिक दिसते, म्हणजे तू मला ब्लॉक केलं आहेस, असं माझा नातू ऋतिक म्हणतो. तेव्हा पत्र लिहितो आहे. सातवी ते दहावी तुला मराठी शिकवलं, पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म माझ्या अंगणात बसून भरलास, तेवढ्यावर एक पत्र वाचायला हरकत नसावी.

शनिवारी विश्रामगृहात आपल्या पक्षाची बैठक झाली. नगराध्यक्षपद या वेळी अनुसूचित जातीच्या महिलेला सुटलं आहे, हे तुला ठाऊकच आहे. इच्छुक दोघी होत्या. एक तुझी आई इंदूबाई आणि दुसरी ठेकेदारांची सून उर्वशी, जी दिवाळीपासून गावात राहायला आली. मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले होते. त्यांनी दोघींच्या मुलाखती घेतल्या. मग नेहमीचा ठराव झाला की उमेदवार निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत. मी कार्यालय सचिव, इतिवृत्त मीच लिहितो. गेली एकोणतीस वर्षं तोच ठराव आहे आणि माझं अक्षरही तेच आहे. 'एकमताने' हा शब्द तर मी डोळे मिटून लिहू शकतो.

काल उर्वशीला उमेदवारी जाहीर झाली. त्यावर तुझ्या आईने यवतमाळच्या वार्ताहराला सांगितलं की बैठकीत मतदान झालं आणि ते तिने जिंकलं. आता असं काही अधिकृत मतदान झालं नाही. वातावरण हलकं करण्यासाठी चिठ्ठ्यांचा एक प्रकार झाला, पण त्याला पक्षाच्या घटनेत काही आधार नाही. चिठ्ठ्या तिथेच जाळल्या. तिला सहा वर्षांच्या निलंबनाची नोटीस निघाली आहे, आणि ती आता अपक्ष उभी राहायचं म्हणते आहे.

दीपा, बावीस वर्षं तुझ्या आईने पक्षाचे झेंडे शिवले. तिच्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच सांगतो, तिला समजाव. वार्ताहरापुढे केलेलं एवढं विधान मागे घेतलं तर नोटीस मी थांबवून घेईन. तुझं ती ऐकते.

तुझा,
विठ्ठलराव मास्तर


पिंपळदरा
९ नोव्हेंबर

चि. दीपास,

कुरिअर मिळालं.

पाकीट जाड वाटलं म्हणून आनंद झाला होता. उघडलं तर माझंच पत्र परत! 'चिठ्ठ्या तिथेच जाळल्या' या वाक्याखाली लाल रेघ, 'वातावरण हलकं करण्यासाठी' याला लाल गोल, आणि समासात तुझ्या हातचे दोन शब्द: पुन्हा लिहा. मी तुमच्या निबंधांवर हेच लिहीत असे. तुझ्या विमलकाकूने चष्मा लावून वाचलं आणि हसू दाबत चहा ठेवायला गेली. तिला सांगितलं की यात हसण्यासारखं काही नाही. ती आतून म्हणाली, "मी कुठं हसून राह्यली? पोरीनं बरोबर तपासलं."

तर पुन्हा लिहितो.

मतदान झालं. त्याची कल्पना निरीक्षकांचीच होती. ठेकेदारांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की सगळे कार्यकर्ते उर्वशीच्या मागे आहेत. तेव्हा ते मोठ्या मनाने म्हणाले, कार्यकर्त्यांचा कौल घेऊ, आपला पक्ष लोकशाही मानणारा आहे. कोणीतरी म्हणालं, हात वर करा. मी उठलो आणि म्हणालो, हात कशाला? चिठ्ठीवर नाव लिहा, गुप्त राहील. आमच्या गावात आता अंगठा लावणारं कोणी उरलं नाही, साहेब. दिवसा माझी शाळा, संध्याकाळी प्रौढ साक्षरतेचा वर्ग, निम्म्या सभागृहाला पाटी मीच हातात दिली होती. ते निरीक्षकांना कळावं असं मला फार वाटत होतं.

वहीची पानं फाडून सत्तेचाळीस चिठ्ठ्या केल्या. सोनपापडीच्या रिकाम्या डब्यात गोळा केल्या. मोजल्या मी. इंदूबाई एकतीस, उर्वशी चौदा, दोन कोऱ्या.

आकडा वाचला तेव्हा तुझी आई खुर्चीतून उठली नाही. तिने पदर खांद्यावर नीट केला आणि शेजारच्या बेबीताईचा हात धरला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बेबीताई तर रडायलाच लागल्या. निरीक्षक म्हणाले, छान, उत्तम, हा कौल मी वर कळवतो. डबा मास्तर सांभाळतील. लोक टाळ्या वाजवून घरी गेले. त्यानंतर खोलीत आम्ही चारच जण राहिलो, निरीक्षक, त्यांचा पीए, ठेकेदार आणि मी. निरीक्षकांनी सांगितलं, इतिवृत्त नेहमीप्रमाणे लिहा, आणि मी लिहिलं.

चिठ्ठ्या जाळलेल्या नाहीत. निरीक्षक म्हणाले होते की जाळून टाका, मी हो म्हणालो आणि डबा घरी आणला. मुलांच्या हातचं लिहिलेलं मला कधी फेकवत नाही. तुझा आठवीतला निबंधही माझ्याकडे आहे. डबा तांदळाच्या कोठीत आहे आणि ते विमललासुद्धा माहीत नाही.

आता तुझा पुढचा प्रश्न असा असणार की एकतीस जणांनी मत दिलं, मग एकतीस तोंडं गप्प का? वस्तीत लोक तुझ्या आईला तोंडावर खोटारडी म्हणू लागले आहेत. काल पाण्याच्या नळावर कोणीतरी विचारलं, "काय नगराध्यक्षबाई, तुमची एकतीस मतं कुठी गेली?" तिने हंडा भरला आणि निघून गेली, असं विमलने पाहिलं. ती एकतीस माणसं गप्प का, ते मला सांगता येणार नाही. लोकांचं असं असतं. निवडणूक आली की माणसं घाबरतात.

तुझा,
विठ्ठलराव मास्तर


पिंपळदरा
१६ नोव्हेंबर, रविवार

दीपा,

या खेपेला तू काही परत पाठवलं नाहीस. पण शेवटच्या चार ओळींवर लाल रेघ कुठे पडली असती, ते मला माहीत आहे.

आज सकाळी तुझी आई आमच्या घरी आली. बावीस वर्षांत प्रथमच ती बाहेर पायरीजवळ उभी राहिली. विमलने आत ये म्हटलं तर म्हणाली, "नाई वो वैनी, वेळ नाई. मास्तरले एकच गोष्ट इचारायची हाये."

मी बाहेर गेलो.

"मास्तर, अपक्षाच्या फारमले पाच सूचक लागतात. पाच सह्या. चार भेटल्या, त्यातल्या दोन आमच्या घरातल्याच. एकतीस लोकायनं मले मत देल्लं, आन् एका पाचव्या सहीसाठी मी आठ दिवस झाले फिरून राह्यली. जो तो दार लावून घेते. बेबीताईचं खिचडीचं काम गेलं. उकंडाले ठेकेदाराच्या मुनीमानं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतलं. हरिसिंगच्या पोरीचा शाळेतला अर्ज अडकला. मत तर गुप्त होतं ना, मास्तर? मंग त्याईले कसं समजलं कोणं कोणाले मत देल्लं?"

मी म्हणालो, पाचवी सही माझी घ्या. उद्या शेवटचा दिवस आहे, मी आत्ता करतो.

तिने माझ्याकडे पाहिलं. दीपा, मी शिक्षक आहे. उत्तर येत असून न देणारा चेहरा मी हजारदा पाहिला आहे, आज तो माझाच होता.

"मी सहीचं नाई इचारलं," ती म्हणाली. "मी इचारलं, त्याईले कसं समजलं?"

मी सहीसाठी काढलेलं पेन परत खिशात ठेवलं. ती पायरी उतरली. जाताना एवढंच म्हणाली, "राहू द्या. तुमची सही मले नाई पायजे."

तिला जे सांगितलं नाही ते तुला लिहितो. भ्याड माणसाला कागद बरा पडतो.

लोक निघून गेल्यावर निरीक्षकांनी इंदूबाईच्या एकतीस चिठ्ठ्यांमधली एक उचलली. हसत हसत म्हणाले, "मास्तर, एवढ्या लोकांना शिकवलं म्हणता, मग अक्षर ओळखता येत असेल?" मी म्हणालो, पैज लावा. चिठ्ठी पाहिली आणि सांगितलं, बेबीताई. 'ब'चं पोट भाकरीएवढं काढते. ठेकेदार म्हणाले, "वा मास्तर, मानलं तुमाले." दुसरी हरिसिंगची, अक्षरं उजवीकडे पडतात. तिसरी उकंडाची. पेन इतकं दाबतो की कागदाला भोक पडतं, आणि अनुस्वाराचं टिंब न देता पोकळ गोल काढतो, बांगडीसारखा. 'इंदूबाई'वरही त्याने तसाच काढला होता. मी त्याचं कौतुकसुद्धा केलं. म्हणालो, पंचावन्नाव्या वर्षी अक्षर शिकला हा माणूस, साहेब.

एकोणतीस वर्षांत माझ्या कामाला कोणी 'वा' म्हटलं नव्हतं. ते मला फार गोड लागलं.

पाचवी की सहावी चिठ्ठी होती, तेव्हा मला दिसलं की पीए मोबाईलमध्ये नावं टिपून घेतो आहे. मला कळलं. मी तुला खोटं सांगणार नाही, तिथेच, त्याच क्षणी मला कळलं. त्याच वेळी निरीक्षक म्हणाले की या वेळी स्वीकृत नगरसेवकासाठी मास्तरांचंच नाव जाईल, पक्षाने अशा माणसाचं चीज केलं पाहिजे. मी थांबलो नाही. सत्तावीस नावं सांगितली.

चार चिठ्ठ्या उरल्या. तीन मला खरंच ओळखता आल्या नाहीत. चौथी माझी होती. मीही इंदूबाईलाच मत दिलं होतं, दीपा. ती चिठ्ठी निरीक्षकांनी माझ्यापुढे धरली. गावातल्या प्रत्येक दाखल्यावर, प्रत्येक लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर जे अक्षर आहे, त्याच्याकडे बघून मी म्हणालो, हे काही ओळखू येत नाही.

विठ्ठलराव


पिंपळदरा
१८ नोव्हेंबर

दीपा,

आईने फोनवर सांगितलं असेलच. तरी मी लिहितो, कारण तिला अर्धंच माहीत होतं आणि बाकीचं आज सगळ्यांसमोर झालं.

काल दुपारी अडीच वाजता, मुदत संपायला अर्धा तास असताना, तुझ्या आईला पाचवा सूचक मिळाला. उकंडा स्वतःहून आला. म्हणाला, "माया कामाचं जे व्हायचं ते होऊन गेलं. आता कोणाले भ्यायचं?" यादीत नाव गेलं म्हणून त्याचं काम गेलं, आणि काम गेलं म्हणून तो मोकळा झाला. माझ्या यादीतून निघालेली एवढीच एक बरी गोष्ट, आणि तीही माझ्यामुळे नाही.

आज सकाळी अकराला नगरपरिषदेच्या सभागृहात अर्जांची छाननी होती. मी उर्वशीच्या बाजूला बसलो होतो. पक्षाचा सचिव म्हणून तिचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचं पत्र, माझ्याच हस्ते गेलं होतं. तुझी आई समोरच्या बाकावर होती, सोबत तिचा वकील आणि उकंडा. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

इंदूबाईचा अर्ज पुकारला तसा ठेकेदारांचा वकील उभा राहिला. पाचवी सही बनावट आहे, म्हणाला. हा उकंडा निरक्षर आहे. हे पाहा आमच्या साईटवरचे हजेरीचे कागद, तीन वर्षं प्रत्येक दिवशी अंगठा आहे. मग सही कोणी केली? सूचक चारच उरतात, अर्ज बाद करा.

उकंडा म्हणाला, "मुनीमच म्हणे अंगठा लाव, सहीत टाइम जाते. मले लिहिता येते, मॅडम."

निवडणूक अधिकारी बाई तरुण आहेत, बाहेरून आलेल्या. त्यांनी कागद पुढे केला, करा सही. सगळं सभागृह बघत होतं. उकंडाचा हात इतका कापायला लागला की 'उ' कागदाबाहेर गेला. वकील म्हणाला, बघा, अर्जावरच्या सहीशी जुळते का? ही रात्रीतून शिकवलेली सही आहे. मॅडम दोन्ही कागद धरून बसल्या. म्हणाल्या, या माणसाचं आधीचं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं काही आहे का? उकंडा म्हणाला, "मी कायले काई लिहीन, मॅडम? कोणाले लिहीन?"

त्याच्या हातचं लिहिलेलं या जगात एकच होतं आणि ते माझ्या तांदळाच्या कोठीत होतं. मी ते दाखवलं तर मतदान झालं हे सिद्ध होणार, इतिवृत्त खोटं ठरणार, चिठ्ठ्या जाळल्या म्हणणारा मी खोटा ठरणार. गप्प बसलो तर काहीच होणार नव्हतं. दुपारपर्यंत अर्ज बाद, तुझी आई कायमची खोटारडी आणि मी डिसेंबरात स्वीकृत नगरसेवक.

दीपा, मी लगेच उठलो असं लिहिलं तर तू लाल रेघ मारशील. मी लगेच उठलो नाही. मॅडमनी पेन उघडलं तोवर बसून होतो.

मग मी म्हणालो, "मॅडम, अर्धा तास द्या. माझ्याकडे आहे."

ठेकेदारांनी माझी बाही धरली. "मास्तर, काय करून राह्यले तुमी?" मी बाही सोडवून घेतली. घरी गेलो, कोठीत कोपरापर्यंत हात घातला. विमल दारात उभी होती. तिने डबा पाहिला, माझ्या हातावरचे तांदळाचे दाणे झटकले आणि म्हणाली, "जा लवकर. चप्पल घालून जा."

सभागृहात टेबलावर डबा उघडला. उकंडाची चिठ्ठी शोधायला मला दोन सेकंद लागले. भोक पडलेला कागद, 'इंदूबाई'वर बांगडीएवढा पोकळ गोल. अर्जावरच्या 'उकंडा'वर तोच गोल. आत्ताच्या कापऱ्या सहीवरही तोच. मॅडमनी तिन्ही कागद खिडकीकडे नेऊन पाहिले. मग विचारलं, ही चिठ्ठी कसली आहे? कधीची?

मी सांगितलं. तारीख, ठिकाण, सत्तेचाळीस, एकतीस, चौदा, दोन. 'एकमताने' हा शब्द मी खोटा लिहिला, हेही सांगितलं. आणि अक्षरं ओळखून नावं कोणी सांगितली, तेही सांगितलं, कारण उकंडा तिथे होता आणि त्याला अजून माहीत नव्हतं. आवाज बाहेर व्हरांड्यात जात होता, तिथे वस्तीतले वीस-पंचवीस जण होते. वकील म्हणाला की हे सगळं विषयाला सोडून आहे. मॅडम म्हणाल्या, खरं आहे, माझा विषय फक्त सही आहे. सही एकाच हाताची दिसते. आक्षेप फेटाळला, अर्ज वैध.

उकंडा उठला. मला वाटलं मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने टेबलावरून आपली चिठ्ठी उचलली, चार घड्या घालून खिशात ठेवली. "हे माई हाये," एवढंच म्हणाला. मी डबा घेऊन व्हरांड्यात आल्यावर बेबीताईंनीही डब्यात हात घालून आपली काढून घेतली. हरिसिंगने घेतली. तीन-चार जण तर चिठ्ठी घेऊन माझ्या पायाजवळ थुंकून गेले. थुंकायचा त्यांना हक्क होता.

सगळ्यांत शेवटी तुझी आई आली. डबा मी हातात धरूनच उभा होतो. तिने आत पाहिलं, बोटाने चिठ्ठ्या सरकवल्या आणि एक वर काढली. ते अक्षर तिच्या शिलाईच्या दुकानाच्या पाटीवर आहे, तुझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे. तिला ओळखू येत नव्हतं असं नाही. तरी तिने चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढे धरली, त्या दिवशी निरीक्षकांनी धरली होती तशीच, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"हे कोणाची, मास्तर?"

मी म्हणालो, "माझी."

तिने ती मला परत दिली नाही आणि डब्यातही टाकली नाही. आपल्या पर्समध्ये ठेवली, चेन लावली आणि उकंडाला म्हणाली, "चाला भाऊ, ऊन झालं. उद्यापासून घरोघरी फिरायचं हाये."

विठ्ठलराव